थंडीत मिरचीचं बी उगवेना: ट्रे घरात ठेवूनही रोपं का फसतात

सेलूकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपं करायच्या कप्प्याकप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये, मिरची, टोमॅटो आणि टरबुजाचं बी टाकलं, थंडी लय आहे म्हणून ट्रे घराच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवले. आता अडीच आठवडे होत आले तरी मिरचीचा एक कोंब वर नाही, टोमॅटो उगवला पण दोऱ्यासारखा लांब होऊन आडवा पडतोय, आणि टरबुजाचं बी उकरून बघितलं तर कुजलेलं निघालं. कॅनडा-अमेरिकेतले व्हिडिओ बघून ते आता ग्रो लाइट (रोपं वाढवायचे दिवे) आणि हीट मॅट (ट्रेखाली घालायची विजेवर तापणारी चटई) मागवायच्या विचारात आहेत, घ्यावं का असं त्यांचं म्हणणं.

नका घेऊ भाऊ. निदान हे वाचून होईपर्यंत तरी ऑर्डर टाकू नका.

तुमच्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसतात पण मूळ एकच आहे. बियाला ऊब लागते, रोपाला ऊन लागतं, आणि तुमच्या मागच्या खोलीत ह्या दोन्हीपैकी काहीच नाही. बी मातीत आहे तोवर त्याला उजेडाशी काही घेणंदेणं नसतं, अंधारात ठेवलं तरी मिरची-टोमॅटो उगवतो, फक्त गरम पाहिजे. आणि एकदा कोंब वर आला की गणित उलटं होतं, मग थोडी थंडी चालते पण उजेड कमी पडलेला एक दिवससुद्धा चालत नाही. घरात ठेवलं म्हणजे थंडीपासून वाचवलं असं आपण धरून चालतो, पण स्लॅबची बंद खोली, खिडकी उत्तरेला, रात्री बाहेर सात-आठ अंश, तर आत पंधरा-सोळा असतं. त्यात ट्रेमधलं ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हवेपेक्षाही गार राहतं, कारण पाणी उडताना गारवा करून जातं. म्हणजे तुम्हाला स्वेटर न घालता बसता येतं त्या खोलीत बी मात्र तेरा-चौदा अंशात भिजत पडलेलं असतं.

आता आकडे बघा. मिरचीचं बी २५ ते ३० अंशाच्या मातीत आठ-नऊ दिवसांत उगवतं, २० अंशाला तेरा-चौदा दिवस घेतं, १५ अंशाला पंचवीसच्या आसपास, आणि १० अंशाला उगवतच नाही. टोमॅटो जरा दणकट, २५-३० अंशाला सहा दिवस, १५ ला दोन आठवडे, १० ला चाळीस दिवसांच्या वर. टरबूज ३० अंशाला चार दिवसांत टोपी घालून वर येतं, २० ला बारा दिवस, आणि १५ ला नुसतं भिजून सडतं. म्हणून तुमच्याकडं टोमॅटो आला, मिरची अडली आणि टरबूज कुजलं, ज्या क्रमानं व्हायला पाहिजे त्याच क्रमानं झालंय. बियाणं कंपनीला किंवा दुकानदाराला लगेच शिव्या द्यायचं कारण नाही. कांदा, कोबी, फुलकोबी ह्यांना थंडीचं काही वाटत नाही, दहा अंशालाही दोन-तीन आठवड्यांत उगवतात, त्यांना घरात घ्यायची गरजच नाही.

मिरचीचे ट्रे फेकू मात्र नका. चार-पाच कप्प्यांतलं बी टूथपिकनं अलगद वर काढा आणि नखानं दाबून बघा. टणक लागलं तर जिवंत असायची आशा आहे, चिरडून आतून पांढरा चिकट गर आला तर गेलं. टणक असेल तर ते ट्रे आज संध्याकाळीच उबेला न्या, पुढच्या आठवडाभरात कोंब दिसायला लागतात. पाकिटात बी उरलं असेल तर वीस-पंचवीस दाणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून चुलीशेजारी ठेवा. तिथं नीट मोड आले तर बी चांगलं, तुमची जागा वाईट. तिथंही निम्म्यांना मोड आले नाहीत तर मात्र पाकीट आणि पावती घेऊन दुकानात जा.

बरं, ऊब आणायची कुठून? आपल्याकडं लोक उगं विजेच्या मागं लागतात. तुमच्या गावात जुनं माळवदाचं घर असेल, स्वतःचं नसलं तरी चुलत्याचं असेल, त्यातली स्वयंपाकाची खोली ही थंडीत रोपवाटिकेसाठी गावातली सगळ्यात चांगली जागा आहे. जाड मातीच्या भिंती, वर मातीचा थर, रात्रीत तापमान फारसं हलत नाही, आणि चुलीमागच्या भिंतीतला कोनाडा तर पहाटेपर्यंत कोमट राहतो. बी पेरलेले आठ-दहा ट्रे एकावर एक रचायचे, सगळ्यात वर एक रिकामा ट्रे पालथा घालायचा, सगळी चळत काळ्या किंवा कुठल्याही प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायची आणि त्यावर पोतं. रोपवाटिकावाले हेच करतात. एकदा पाणी दिलं की चळत उघडेपर्यंत परत पाणी लागत नाही, आतली ऊब आणि ओल दोन्ही टिकते. फक्त टोमॅटो तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आणि मिरची सहाव्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघायची. ट्रेमधले दहा-पंधरा टक्के कोंब माती उचलताना दिसले की सगळी चळत त्याच दिवशी मोडायची, बाकीचे येऊ दे मग उजेडात ठेवू असं म्हणायचं नाही. अंधारात गेलेला एक दिवस म्हणजे इंचभर लांबलेली मान, आणि ती मान नंतर कशानंच आखूड होत नाही. तुमच्या टोमॅटोचं हेच झालंय.

थोडीच रोपं करायची असतील, परसबागेपुरती, तर औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा रिकामा खोका मागून आणा. त्यात झिरोचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा, तो बारा-पंधरा वॅटचा असतो आणि चांगला तापतो, झाकण जरासं उघडं ठेवलं की आत पंचवीस ते तीस अंश आरामात मिळतात. आजकालचे झिरो बल्ब एलईडीचे येतात, ते हाताला गारच लागतात, त्यांचा इथं काही उपयोग नाही, दुकानात लावूनच बघा. बल्ब थर्माकोलला टेकला तर थर्माकोल वितळतो, पेटूही शकतो, म्हणून होल्डर तारेनं मधोमध टांगायचा आणि पाणी देताना बटण बंद. लाइटचा भरवसा नसेल तर दोन-दोन लिटरच्या बाटल्यांत झोपताना गरम पाणी भरून ट्रेच्या खाली-बाजूला ठेवा आणि वरून गोधडी टाका. पहाटे चारपर्यंत त्या काम करतात, खरी थंडी चार ते सात, तेवढी निघते.

आणि उकिरडा. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. ताजं शेण आणि कडब्याची कुट्टी थरावर थर देऊन, पाणी शिंपडून, दीड फूट उंचीचा बिछाना करा, दोन-तीन दिवसांत आत हात घालवणार नाही एवढा तापतो. तेव्हा लगेच ट्रे ठेवायचे नाहीत, पन्नास-साठ अंशात बी शिजून जाईल आणि शेणाचा उग्र वास कोंबाला जाळतो. साधारण आठवड्यानं तो निवतो, हात खुपसला की सुखद कोमट लागलं पाहिजे. मग वर चार बोटं वाळू किंवा माती टाकायची आणि त्यावर ट्रे, वरून तारेच्या कमानी करून प्लास्टिक. हा बिछाना दोन-तीन आठवडे खालून ऊब देत राहतो, बिल शून्य. थंड मुलखात हीट मॅट यायच्या आधी शेकडो वर्षं माळी लोक घोड्याच्या लिदीवर हेच करायचे. आपल्याकडं नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावणारे जुने लोकही बी भिजवून फडक्यात बांधून उबेला घालायचे, मोड फुटल्याशिवाय बी वाळूत जायचं नाही. टरबुजाला मी आजही हेच सांगतो, कोमट पाण्यात सहा-आठ तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून उबेत ठेवा, पांढरं टोक दिसलं की तोच दाणा ट्रेमध्ये, टोक खाली करून. मोड लांबू द्यायचा नाही, लावताना तुटतो. बी लाल-निळ्या औषधाचा लेप दिलेलं असेल तर मात्र भिजवायचं नाही, तसंच लावायचं, आणि हात धुवायचे. कारल्याचं कवच जाड असतं, त्याचं टोक नेलकटरनं जरासं कातरलं की दोन-चार दिवस वाचतात.

स्वस्तातला खुपसायचा थर्मामीटर मिळतो तो तेवढा घ्या. हवेचा नाही, मातीत टोचायचा. परभणीचं किमान तापमान चार-पाच अंश अशी बातमी आली की सगळे घाबरतात, पण तुमच्या ट्रेच्या कप्प्यात पहाटे सहाला किती आहे ते महत्त्वाचं, बातमीतल्या आकड्याचं बी काही करत नाही. मिरचीला वीसच्या खाली दिसलं की जागा बदला.

आता व्हिडिओवाल्यांबद्दल. ते लोक चुकीचं सांगत नाहीत, त्यांची अडचण वेगळी आहे. कॅनडात विनिपेगसारख्या ठिकाणी डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्य डोक्यावर येतच नाही, जमीन दगडासारखी गोठलेली, आणि मे सरेपर्यंत एखाद्या रात्री कडाका पडून कोवळा पाला करपायची भीती. म्हणून ते मिरची आठ-दहा आठवडे आधी आणि टोमॅटो सहा-आठ आठवडे आधी घरात लावतात, रोप दीड-दोन महिने बाहेर काढताच येत नाही, मग दिवसाला चौदा-सोळा तास दिवे लावण्यावाचून इलाज नसतो. आपल्याकडं डिसेंबरातसुद्धा दिवस अकरा तासांचा आणि ऊन असं की दुपारी बारा वाजता बनियनवर बसावं. हे फुकटचं ऊन सोडून बंद खोलीत जांभळे दिवे लावायचे म्हणजे विहिरीवर बसून बिसलेरी मागवण्यातला प्रकार आहे. दिव्यावाल्यांच्या नादी लागून कुणी मिरचीचं बी फ्रीजमध्ये गारव्याचा उपचार म्हणून ओलं करून ठेवतं, तेही करू नका, ते काही रानफुलांना आणि थंड प्रदेशातल्या झाडांना लागतं, आपल्या भाजीला नाही.

तर कोंब आल्यापासून रोजचा नेम असा. सकाळी नऊ-साडेनऊला ऊन जरा तापलं की ट्रे अंगणात किंवा माळवदावर, संध्याकाळी पाचच्या आत परत घरात. पहिले दोन-तीन दिवस कोवळं ऊन, म्हणजे दुपारी बारा ते तीन शेडनेटची सावली, मग पुढं पूर्ण ऊन. ट्रे जमिनीवर टेकवायचे नाहीत, विटांवर किंवा बाजेवर ठेवायचे, खालून हवा लागली की मुळं कप्प्याबाहेर घुसत नाहीत आणि कोंबड्यांचा पण बंदोबस्त होतो. ट्रे जास्त असतील आणि रोज उचलणं होत नसेल तर बाहेरच वाफ्यावर कमानी करून रात्री प्लास्टिक आणि त्यावर पोती टाका, पण सकाळी दहाच्या आत उघडलंच पाहिजे, नाहीतर दुपारी आत चाळीसच्या वर जातं आणि रोपं वाफवून निघतात. प्लास्टिक पानाला टेकू द्यायचं नाही, टेकलं तिथं पान करपतं. पत्र्याच्या शेडचा भरवसा धरू नका, रात्री पत्रा उघड्या आभाळाखाली बर्फासारखा होतो, त्याखाली बाहेरच्याइतकंच गार असतं, कधी कधी जास्तच.

संभाजीनगर, नांदेडला फ्लॅटमध्ये राहणारे आणि ज्यांच्या बाल्कनीत ऊनच येत नाही त्यांनी दिवा लावला तर मी समजू शकतो. त्यासाठी पण महागडा ग्रो लाइट नको, साधी वीस वॅटची पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून चार-पाच इंचावर टांगा आणि चौदा तास चालू ठेवा. छताला लावलेल्या ट्यूबचा रोपाला काही उपयोग नाही.

पाण्यानं जेवढी रोपं मरतात तेवढी थंडीनं मरत नाहीत. थंडीत कोकोपीट वाळत नाही, वरून कोरडं दिसतं, आतून चिंब असतं, आणि आपण सवयीनं रोज झारी फिरवतो. ट्रे उचलून वजन बघा, हलका लागला तरच पाणी. आणि पाणी कुठलं देता ते बघा. सकाळी छतावरच्या टाकीचं पाणी म्हणजे बर्फ, ते दिलं की रात्रभर राखलेली ऊब एका झारीत गेली. बोअरचं पाणी थंडीत कोमट असतं, पहाटे मोटर चालू केली की वाफा निघतात, ते वापरा, किंवा बादली दहा वाजेपर्यंत उन्हात ठेवा. द्यायचं सकाळी दहा-अकराला, संध्याकाळी कधीच नाही. रात्रभर ओलं पान आणि ओली मान म्हणजे मर रोगाला आवतण.

तो मर रोग म्हणजे जमिनीलगत खोड पाणचट होऊन, बारीक होऊन रोप कोलमडतं ते. पिथियम, रायझोक्टोनिया ह्या बुरशा, गारवा आणि ओल दोन्ही मिळालं की त्यांचं राज्य. त्यामुळं कोकोपीटमध्येच ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र-बुरशी, मिसळून घ्या, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण मिळालं तर फारच चांगलं, परभणी तुम्हाला जवळच आहे. जुने ट्रे असतील तर धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा. एवढं करून पडायला लागलीच तर पडलेला भाग कप्प्यासकट काढून टाका, पाणी तोडा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन बाकीच्यांच्या बुडाशी घाला. पण रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच आठवड्यात वापरू नका, बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं.

तुमचा टोमॅटो मात्र सगळाच मर रोगानं पडलेला दिसत नाही, निम्मा नुसता लांबून पडलाय. त्यातली जी रोपं हिरवी आहेत ती उद्यापासून उन्हात काढा, मोठ्या पिशवीत किंवा पेल्यात पहिल्या पानांपर्यंत खोल लावा, टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात म्हणून हे जमतं. मिरची-वांग्याला एवढं जमत नाही, त्यांच्या बाबतीत हा उद्योग करू नका. उन्हात काढल्यावर रोज दोन-तीन वेळा हातानं किंवा एखाद्या काठीनं शेंड्यावरून हळू फिरवायचं, वारा लागल्यासारखं. ह्यानं रोप बुटकं आणि जाड होतं, करून बघा.

अजून एक गोष्ट दिसेल तेव्हा घाबराल म्हणून आत्ताच सांगतो. थंडीत टोमॅटोची पानं खालून जांभळी पडतात. दुकानदार म्हणेल फॉस्फरस कमी पडलाय, हे घ्या ते घ्या. फॉस्फरस मातीत असतो, गार मातीत मुळाला तो उचलता येत नाही एवढंच. ट्रेमध्ये डीएपी खत टाकलं तर कोवळी मुळं जळतील. ऊब द्या, चार दिवसांत नवं पान हिरवं येतं. खत द्यायचं ते खरी पानं दोन आल्यावर, १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, बास. मावा, फुलकिडे, पांढरी माशी थंडीतही असतातच, दिवसा बाहेर ठेवताना वर चाळीस-पन्नास मेशची बारीक जाळी टाका, नाहीतर मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आखडणारा विषाणूरोग, रोपातच घेऊन शेतात जाल, आणि त्याला मग कुठलाच फवारा नाही.

वेळेचं बघायचं तर उन्हाळी मिरचीचं रोप उबेत पस्तीस-चाळीस दिवसांत तयार होतं, थंडीत पंचेचाळीस-पन्नास धरा. वांगं त्याच्या थोडं आधी, टोमॅटो महिनाभर. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या, आसपास मिरची टाकली की फेब्रुवारीत लागवड, हे जमतं, तुमचा फार उशीर झालेला नाही. लावायच्या आधी पाच-सहा दिवस पाणी कमी करायचं आणि रात्रीही ट्रे बाहेरच ठेवायचे, फक्त लाटेची बातमी असेल त्या रात्री आत. घरात लाडानं वाढवलेलं रोप थेट शेतात नेलं की दुसऱ्या दिवशी माना टाकतं.

टरबुजाचं बी महाग असतं म्हणून त्याची घाई अजिबात करू नका. त्याचं रोप ट्रेमध्ये पंधरा दिवस, थंडीत फार तर वीस, ह्याहून जास्त ठेवलं तर मुळं गुंडाळतात आणि पुढं वेल जोर धरत नाही. शेतात रात्रीचं तापमान बारा-तेराच्या वर टिकायला लागलं पाहिजे, ते आपल्याकडं संक्रांतीनंतर होतं, म्हणून बी संक्रांतीच्या आधी आठवडाभर मोड यायला घाला. तोवर मिरचीचे ट्रे माळवदात हलवा, खोक्याला झिरोचा बल्ब बांधा, आणि उकिरड्याचा बिछाना करायचा असेल तर आत्ताच रचायला घ्या, तापून निवायला त्याला आठवडा लागतोच.